ढाक्याचे गिऱ्हाईक तोडले कोणी?

मा. संपादक,
स. न.

बांगलादेशात कांदा जाईनासा झाला, की त्याचे खापर ढाक्यातल्या २०२४ च्या सत्तांतरावर फोडले जाते. निफाड तालुक्यातल्या माझ्यासारख्या कांदा उत्पादकाला हे पटत नाही. हे गिऱ्हाईक आपण शेख हसीना तिथे पंतप्रधान असतानाच दुखावले, आणि तेही घरच्या निवडणुकांपायी.

२९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी आली. महाराष्ट्राचे मतदान २१ ऑक्टोबरला होते, पण चिंता आमच्या मतांची नव्हती, शहरातल्या किलोच्या भावाची होती. पुढे दिल्ली विधानसभाही होती. तिथे १९९८ साली महाग कांद्याने भाजपची सत्ता घालवली, ते त्या पक्षाला पक्के ठाऊक. बंदीनंतर आठवड्याच्या आतच हसीना दिल्लीत आल्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी सांगितले, की मी स्वयंपाक्याला कांदा वापरू नको म्हटलेय. निदान आधी कळवत तरी जा, असेही त्या म्हणाल्या. आपल्याकडे त्याची गंमत झाली. ढाक्यात मात्र नोव्हेंबरमध्ये विमानाने कांदा आणायची पाळी आली. दिल्लीचे मतदान ८ फेब्रुवारी २०२० ला उरकले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बंदी उठवण्याची घोषणा झाली! सप्टेंबर २०२० मध्ये, बिहारच्या निवडणुकीच्या तोंडावर, पुन्हा तेच. सीमेवर ट्रक अडकले.

८ डिसेंबर २०२३ ची बंदी तर लोकसभेवर डोळा ठेवून. बांगलादेशचे मतदान ७ जानेवारीला होते, म्हणजे सर्वांत जवळच्या मित्राच्या निवडणुकीला जेमतेम महिना राहिला असताना आपण तिथला कांदा महाग केला. इकडे लिलाव बंद पडले. लाल कांदा साठवणुकीच्या चाळीत टिकत नाही, तेव्हा मिळेल त्या भावाने दिला. मग मार्चमध्ये ५० हजार टनांची परवानगी निघाली, तीही सहकारी निर्यात संस्थेमार्फत; खुला व्यापार बंद आणि वर दोस्तीची खिरापत. ४ मे २०२४ ला बंदी उठली, कारण २० मेला नाशिक-दिंडोरीचे मतदान होते. तरी भाजपच्या हातून दिंडोरी गेली ती गेलीच.

पुढे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने स्वतःच्या शेतकऱ्याकडे बघून आयात परवाने रोखले. त्यात मला वैर दिसत नाही. आपण दिल्लीकर ग्राहकासाठी जे केले, तेच त्यांनी त्यांच्या शेतकऱ्यासाठी केले.

डिसेंबर २०२२ मध्ये बांगलादेशने कांद्यासह जीवनावश्यक मालाचा वार्षिक कोटा ठरवून मागितला होता. तो लेखी द्यावा, आणि आचारसंहिता असो वा नसो, तेवढा माल सीमेपार जाऊ द्यावा.

– एक कांदा उत्पादक, ता. निफाड, जि. नाशिक