शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : २ ऑगस्ट २०२७ च्या सोमवारी शाळा भरू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आपल्या कार्यालयातल्या कॅलेंडरवर या तारखेभोवती आत्ताच एक गोल करून ठेवा, असं सांगायला हे पत्र लिहितोय. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, मोरोक्को, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन असा जातो. इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला राहील. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल, तेही दुपार कलल्यावर, शाळा सुटायच्या सुमाराला. दिवस शाळेचा आणि वेळही शाळेचीच. सुट्टी द्यायची, मुलांना वर्गात कोंडायचं की मैदानावर आणायचं, हे कुणीतरी ठरवणारच. वरून काही आलं नाही तर ते मुख्याध्यापक ठरवतील, आणि गावाला घाबरून ठरवतील.

घाबरण्यासारखा दिवस तर आहेच. पंचांग उघडून पाहा. त्या दिवशी आषाढ अमावास्या आहे, म्हणजे दिव्यांची अवस. (काही मंडळींना ती दुसऱ्याच कारणाने ठाऊक असते, ते असो.) सोमवार असल्याने सोमवतीही आहे. त्यात ग्रहण. हे तीन योग एका दिवशी आल्यावर आठवडाभर आधीपासून मोबाइलवर काय काय फिरेल, याची कल्पना आपल्याला माझ्यापेक्षा जास्त असणार. सूर्यग्रहणाचे वेध, म्हणजे ग्रहणाआधीचा खाणं टाळायचा काळ, पंचांगाच्या हिशेबाने पहाटेपासूनच लागतात. लहान मुलांनी आणि आजारी माणसांनी ते उशिरा धरले तरी चालतं, हे पंचांगातच लिहिलेलं असतं, पण तेवढं खाली कोण वाचतो? म्हणजे शाळेतली दुपारची खिचडी शिजणार की नाही, इथपासून प्रश्न आहे.

२६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी सूर्यग्रहण होतं. केरळ-तामिळनाडूत कंकणाकृती दिसलं, आपल्याकडे मोठं खंडग्रास. आमच्या शेजारची मुलगी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीला होती. सातवीच्या भूगोलात ग्रहणाचा धडा आहे, आकृतीसकट. आदल्या रात्री पालकांच्या ग्रुपवर निरोप आला, की ग्रहण असल्याने उद्या शाळा अकरानंतर भरेल. धड्यात जे शिकवलं ते डोक्यावर घडत असताना पोरगी पडदे ओढलेल्या खोलीत टीव्हीवर ग्रहण बघत बसली. शिक्षकांना दोष देत नाही. त्यांच्या हातात ना चष्मे होते, ना वरून आलेला कागद. उद्या एखाद्या पोराच्या डोळ्याला काही झालं तर निलंबन कुणाचं, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे.

आता साताऱ्यापुरती एक गोष्ट सांगतो, ती आपल्यापर्यंत पोचली नसावी. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, तो शून्य सावली दिवस. सातारा १७ अंश ४१ कलांच्या आसपास आहे. इथे हा दिवस एकदा मे महिन्यात येतो आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या सुरुवातीला. २०२७ साली तो दुसरा दिवस २ ऑगस्टच आहे. म्हणजे दुपारी बारा चाळीसच्या सुमारास शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली त्याच्याच पायाशी गडप होणार, आणि त्यानंतर तीन-चार तासांत त्याच सूर्याचा लचका चंद्र तोडणार. कराडला शून्य सावली दोन दिवसांनी, सांगलीला तीन-चार दिवसांनी. ग्रहणाच्या दिवसाशी गाठ पडते ती सातारच्याच पट्ट्यात. दोन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण सूर्य, चंद्र आणि पृथ्वी कुठे कशी असते हे एका दिवसात मैदानावर दाखवायचं, तर असा दिवस मागून मिळत नाही.

'ऑगस्टमध्ये साताऱ्यात सूर्य दिसतो का?' असं आपले अधिकारी विचारतील, आणि बरोबरच विचारतील. त्या दिवसांत अजिंक्यतारा दोन-दोन दिवस ढगातून बाहेर येत नाही. महाबळेश्वर, पाटण, जावळीकडे तर ग्रहण बघायची आशाच नको. पण जिल्हा म्हणजे काही नुसता घाट नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशेच्या आत-बाहेर. सह्याद्री ओलांडून आलेल्या ढगात तिथवर पोचेपर्यंत काही उरत नाही. दहिवडी, म्हसवड, गोंदवले ही गावं साताऱ्याच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर आहेत, म्हणजे शून्य सावलीही तिथे त्याच दिवशी. खटाव, माण आणि सांगलीकडे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. टँकर आणि चारा छावण्यांसाठी ज्यांची नावं छापून येतात ते हे तालुके. भर पावसाळ्यात ग्रहण दिसायची त्यातल्या त्यात बरी शक्यता इथेच. खात्री कुणीच देऊ शकत नाही. २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणाला लोक देशभरातून उत्तरेत गेले आणि कित्येक ठिकाणी ढग बघून परत आले. तरी माझं मागणं असं, की पश्चिम महाराष्ट्रातला या दिवसाचा मुख्य कार्यक्रम पुण्याच्या सभागृहात न ठेवता दहिवडी-म्हसवडच्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर ठेवा.

आता डोळ्यांविषयी. माझं राजवाड्याजवळ चष्म्याचं दुकान आहे. धंद्यासाठी लिहितोय असं कुणाला वाटेल म्हणून आधीच सांगतो, ग्रहणाचे चष्मे मी विकत नाही, विकायचा विचारही नाही. पण ग्रहण आलं की लोक काय काय घेऊन येतात ते बघतो. एक्स-रेची जुनी फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, मोटारसायकलवरचा काळा गॉगल. यातलं एकही चालत नाही. उजेड कमी वाटतो, पण डोळ्याला न दिसणारे किरण आत जातच राहतात. वर काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि ते आणखी आत जातात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी माणसाला समजतं ते काही तासांनी, वाचायला बसल्यावर मधली अक्षरं गायब दिसतात तेव्हा. आणि सूर्य निम्मा झाकला म्हणजे धोका निम्मा झाला, असंही नाही. उरलेली कोर तितकीच प्रखर असते. चष्मा आयएसओ १२३१२-२ या मानकाचाच हवा. तो लावल्यावर सूर्याखेरीज काहीही दिसता कामा नये. वर्गातली ट्यूबलाइट दिसली की चष्मा कचऱ्यात. खरेदी शेवटच्या महिन्यात केलीत, तर मानकाचा नुसता छाप मारलेला माल गळ्यात पडेल. म्हणून निविदा उन्हाळ्याच्या आत काढा.

चष्मे सगळ्यांना पुरणार नाहीत, हे मलाही कळतं. पाच-सहा मुलांत एक मिळाला तरी बास. बाकीच्यांसाठी पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातला झारा आणा, बुंदी पाडायचा. ग्रहणाच्या वेळी सूर्य पश्चिमेला कललेला असेल. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीपासून दोन मीटरवर मुलाला भिंतीकडे बघत उभं करा आणि झारा उन्हाला आडवा धरायला सांगा. झाऱ्याला जितकी भोकं तितके सूर्य भिंतीवर पडतील, पावणेदोन-दोन सेंटिमीटरचे, प्रत्येकाची एकाच बाजूची कड खाल्लेली. अंगणात चिंच किंवा कडुनिंब असेल तर झाराही नको, पानांमधल्या फटी हेच काम करतात. सूर्याकडे पाठ, डोळ्याला शून्य धोका, खर्च शून्य.

आणि ते मुसळ. ग्रहणात परातीत पाणी घेऊन मुसळ उभं करतात, ते उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की पडतं, असं सांगतात. अगोदरच्या शुक्रवारी, ३० जुलैला, कसलंही ग्रहण नसताना मुलांना शाळेत मुसळ उभं करून बघू द्या. बूड सपाट असेल तर राहतं. कुणाच्या आजीशी वाद घालायची गरज पडणार नाही, मुलं घरी जाऊन स्वतःच सांगतील. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात याहून जास्त लिहिणं बरं नाही.

आपल्याच देशाने सूर्य बघायला यान पाठवलंय. आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरवर बसून रात्रंदिवस सूर्याकडे बघतंय. त्यावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली. दुसऱ्या एका उपकरणात सूर्याच्या बिंबासमोर मुद्दाम आडोसा धरून कृत्रिम ग्रहण घडवतात, कारण सूर्याभोवतीचं प्रभामंडल त्याशिवाय दिसत नाही. अवकाशात देश ग्रहण तयार करून बघतो आणि खाली पुण्याच्या शेजारच्या जिल्ह्यात फुकट आलेल्या ग्रहणाला खिडक्या लावून घेतो, हे मला तरी विचित्र वाटतं.

परिपत्रक काढाच, पण जून २०२७ मध्ये शाळा उघडताना काढा, ३१ जुलैच्या संध्याकाळी नको. त्यात साफ लिहा, की त्या दिवशी शाळा पूर्ण वेळ भरेल, खिचडी शिजेल, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ग्रहण दाखवलं तर त्याची जबाबदारी विभाग घेईल. ज्या पालकांना मूल घरी ठेवायचं असेल त्यांना ठेवू द्या, गैरहजेरी लावू नका. सक्ती केली की हट्ट वाढतो. आणि हात जोडून सांगतो, प्रत्येक शाळेने पाच फोटो अपलोड करून लिंक भरावी, ही ओळ त्यात घालू नका. नाहीतर नेमक्या ग्रहणाच्या वेळी गुरुजी रेंज शोधत गच्चीवर फिरतील.

पुढच्या तारखाही याच फायलीत लावून ठेवा. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पावणेदहा ते अकराच्या दरम्यान खग्रास चंद्रग्रहण आहे, तेव्हा महाबळेश्वर-पाचगणीत थर्टीफर्स्टची गर्दी असेल. तासभर दिवे मंद ठेवायला पर्यटन खात्याला आपणच सांगू शकाल. २१ मे २०३१ चं सूर्यग्रहण सुट्टीत येतं, आकाशही निरभ्र असेल, त्याला शाळेची अडचण नाही.

अडचण आहे ती २ ऑगस्टचीच. त्या सोमवारी केंद्रप्रमुखांची बैठक, घटक चाचणी किंवा शिक्षकांचं प्रशिक्षण लावू नये, एवढं जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आत्ताच कळवावं, ही विनंती.

कळावे,
आपला,
राजवाड्याजवळचा एक चष्मेवाला, सातारा