चार्जरची मधली पिन बघणाऱ्या ताईंना

ताई, स. न. वि. वि.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'ताई'. ओळखणारे ओळखतीलच. अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ आणि अल्बम करणाऱ्या आम्हा मंडळींना तुमचं लॅपटॉप दुरुस्तीचं काउंटर सांगावं लागत नाही.

आमचा धंदा भर उन्हाळ्यातला. मुहूर्त एप्रिल-मेचे, पारा ४४-४५ वर, आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बसला. क्लिप जरा सरकवली की चहा पिऊन यावं, तरी प्रीव्ह्यू तिथेच. तुमच्याआधी ज्यांनी मशीन पाहिलं त्यांनी विंडोज नव्याने टाकून दिलं, पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर नेला, आणि शेवटी टास्क मॅनेजर दाखवून निकाल दिला: प्रोसेसर तर निम्मा रिकामाच दिसतोय, मदरबोर्ड गेलाय, आता नवीन घ्या. ऐन सीझनमध्ये.

तुम्हीही टास्क मॅनेजरच उघडलात. पण आलेखाखालचा 'स्पीड'चा आकडा वाचलात: ०.७८ गिगाहर्ट्झ. आय५-८२५०यू हा प्रोसेसर, मूळ वेग १.६, टर्बोत, म्हणजे जोर लागेल तेव्हा, ३.४ पर्यंत जाणारा. एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायचं जड काम, लावून बघितला तरी आकडा हलेना. "भाऊ, हा रिकामा नाही, याचे पाय बांधलेत," असं म्हणालात, ते मी आता इतरांनाही ऐकवतो. विंडोज १० मधला तो टक्का मूळ वेगाच्या हिशेबाने काढलेला असतो. त्यामुळे निम्म्या वेगावर अडकलेला प्रोसेसर जीव तोडून राबला तरी आलेखात निम्माच दिसतो. एवढ्या एका गोष्टीवरून माझं मशीन भंगारात निघालं होतं.

मग तुम्ही चार्जर मागितलात. मी मनात म्हटलं, चार्जरचा आणि वेगाचा काय संबंध? वायर काढलीत आणि लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालू ठेवला, तर आकडा उडी मारून तीनच्या वर. वायर लावली की परत ०.७८. काही कंपन्यांच्या चार्जरच्या जॅकमध्ये मधोमध ती सुईएवढी पिन असते ना, तिच्यातून वीज येतच नाही, चार्जर किती वॅटचा आहे एवढी ओळख येते, हे मला इतकी वर्षं लॅपटॉप वापरून माहीत नव्हतं. माझी पिन जॅकमध्येच तुटलेली. ओळख पटली नाही की मशीनला कळत नाही किती वीज ओढायची, म्हणून ते प्रोसेसरला जखडून ठेवतं आणि बॅटरीही चार्ज करत नाही. हा लगाम विंडोजच्याही खालून लागतो. 'हाय परफॉर्मन्स'ने तो सुटणार कसा?

हा लगाम सोडवणारे फुकटचे प्रोग्राम असतात, मला एकाने सुचवलाही होता. तुम्ही साफ नाही म्हणालात. लगाम लावणारा तोच सिग्नल बोर्डवरचा दुसरा एखादा भाग तापला तरी येतो, तो कायमचा बंद करणं म्हणजे जळण्याची वाट मोकळी करणं. तुम्ही जॅक कापलात, तिन्ही तारांचा नवा जॅक सोल्डर केलात, आणि काम झालं.

खरं तर इथेच बिल करून मला वाटेला लावता आलं असतं. पण मोकळा सुटलेला प्रोसेसर एक्स्पोर्ट लावताच ९७ अंशांवर गेला. पंख्याच्या जाळीतून धुळीची गादी निघाली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट बदललीत, तरी अकोल्याच्या हवेला कोण काय करणार! ४५ अंशांची हवा आत ओढून पंखा गार तरी किती करील? तेव्हा तुम्ही पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडून 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ केलंत. मला हसू आलं होतं. एका टक्क्याने काय होणार? पण बहुतेक इंटेल लॅपटॉपवर त्या एका टक्क्यात टर्बोच बंद होतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. म्हणून वरचा थोडासा वेग भलताच महाग पडतो, विजेतही आणि उष्णतेतही.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे. दिवसा कटिंग, लोडशेडिंगमध्ये बॅटरीवरचं काम, सगळं ९९ वर. पंखा ऐकूही येत नाही. रात्री हवा उतरली की १००, लॅपटॉप मागून उचलून ठेवायचा आणि एक्स्पोर्ट लावून झोपायचं. 'मिनिमम' मात्र तुम्ही ५ वरच ठेवलंत. मी १०० करा म्हणत होतो, तर म्हणालात, काम नसताना त्याला बसू द्या की. आता स्क्रीनवर नुसतं पत्र टाइप करताना वेग खाली आलेला दिसला तर मी घाबरत नाही.

त्यानंतर आमच्यातल्या दोघांची 'म्हातारी' मशीन मीच आधी चार्जर काढून तपासली. एकाचं दुखणं तेच निघालं, त्याला तुमच्याकडे पाठवलं. दुसऱ्याची हार्ड डिस्क खरोखरच गेलेली होती.

एक तक्रार आहे. बिलात तुम्ही जॅक, पेस्ट आणि सफाई एवढंच लावलंत. बघितल्याचे पैसे विचारले तर "बघण्याचे कसले?" म्हणालात. ताई, ते लावत चला. सोल्डरिंग करणारे गावात पुष्कळ आहेत, तो आकडा वाचणारं मला तरी तोवर कुणी भेटलं नव्हतं.

आपला,
एक व्हिडिओवाला भाऊ