दहाव्याला तू विचारलेल्या प्रश्नाबद्दल

प्रिय मनू,

आजीच्या दहाव्याला घाटावरून परतताना तू विचारलंस, "आई, तू शाळेत विज्ञान शिकवतेस आणि कावळ्यासमोर हात जोडून उभी राहतेस, हे कसं?" घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, तेव्हा बोलणं झालं नाही. फोनवर हे सगळं सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं मत सांगते. देह सोडून जाणारा आणि मागे उरणारा आत्मा मी मानत नाही. मेंदू थांबला की जाणीव थांबते, असंच मला वाटतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डंकन मॅकडूगल नावाच्या डॉक्टरने मरणपंथाला लागलेल्या रुग्णांना खाटेसकट काट्यावर ठेवून आत्म्याचं वजन करून पाहिलं होतं. 'आत्मा एकवीस ग्रॅमचा' हे जे लोक अजून सांगतात, ते तिथून आलं. रुग्ण सहा, आणि तो आकडा त्यातल्या एकाचा. यावर काही उभं राहत नाही.

पण आत्मा आहे का, हा एक प्रश्न झाला. माणसाला तो आहे असं का वाटतं, हा अगदी वेगळा. त्याचं "अडाणीपणा, दुसरं काय" हे तुझं उत्तर मला पटलेलं नाही.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं तिथे उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. तान्ही मुलं दगावली की ही माणसं काय करत, ऐक. दोन मडकी घ्यायची, बाळाला त्यात ठेवायचं, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवायची आणि घरातल्याच जमिनीखाली खड्डा करून आडवी पुरायची. वर पुन्हा जमीन सारवायची आणि तिथेच राहायचं, रांधायचं, निजायचं. सोबत खाण्यापिण्याची भांडी ठेवायची. मेलेल्या बाळाला पाणी लागत नाही हे त्या आईला कळत नव्हतं, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जनावरं कापणारी, दुष्काळ पाहिलेली माणसं होती ती. मरण म्हणजे काय हे तुझ्यामाझ्यापेक्षा त्यांनी जास्त जवळून पाहिलेलं. तरी भांडं ठेवलंच.

मोठ्या माणसांना ते उत्तरेकडे डोकं करून उताणं पुरत, आणि बऱ्याच सांगाड्यांची पावलं घोट्यापासून तोडलेली सापडली. मेलेल्याने उठून चालायला लागू नये म्हणून तोडली असावीत, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क आहे. तू लहान असताना उत्तरेला उशी घेतलीस की आजी ओरडायची, आठवतं? तीच रीत तीन हजार वर्षं अखंड चालत आली असा दावा मी करणार नाही. पण एकाच वस्तीत मूल जवळ राहावं म्हणून जमिनीखाली ठेवलेलं आणि मोठा माणूस परत येऊ नये म्हणून त्याची पावलं तोडलेली, हे वाचल्यावर मला वाटलं की इथे आत्म्याचा सिद्धांत नंतर आला असणार. आधी होती ती नाती. कुणाला सोडवत नव्हतं, कुणाची धास्ती वाटत होती.

एडवर्ड टायलर या इंग्रज अभ्यासकाने १८७१ मध्ये मांडलं होतं की आदिमानवाला स्वप्नात मेलेली माणसं दिसली, त्यावरून त्याने देहाबाहेरचा आत्मा कल्पिला. स्वप्नांचा वाटा असेलही. पण त्याचा तो रात्री बसून तर्क लढवणारा माणूस मला फार कोरडा वाटतो. त्याच्या घरात कुणी गेलेलं नसावं असं वाटतं.

याहून मला पटतं ते मुलांबद्दलचं संशोधन. २००४ मध्ये जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्क्लुंड यांनी अमेरिकेतल्या मुलांना बाहुल्यांचा छोटा खेळ दाखवला: उंदराच्या पिल्लाला मगर खाऊन टाकते. मग विचारलं, आता उंदराला कधी जेवायला लागेल का? बहुतेक मुलं म्हणाली, नाही, तो मेला ना. पण तो अजून आईवर प्रेम करतो का, असं विचारल्यावर पुष्कळ मुलं म्हणाली, हो! भूक संपली, माया संपली नाही. आणि अशी उत्तरं वाढत्या वयाबरोबर कमी होत गेली. म्हणजे कुणीतरी शिकवल्यामुळेच हे डोक्यात शिरतं असं म्हणता येत नाही. अन्न पचत नाही, डोळे मिटले, हे बाहेरून दिसतं. पण काहीच न वाटणं म्हणजे काय, याची कल्पना करायला जावं तर ती करणारं मन जागंच असतं. ते स्वतःला वजा करू शकत नाही, मग आपल्या माणसाला कुठून करणार?

आता तुझ्या प्रश्नाकडे येते, कारण त्याचं उत्तर मला मादागास्करमध्ये सापडलं. तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर वेझो नावाचे कोळी राहतात. रीटा आस्तुती या मानवशास्त्रज्ञ बाईंनी पॉल हॅरिस यांच्याबरोबर त्यांचा अभ्यास केला. एखाद्या माणसाचा दवाखान्यात आजाराने मृत्यू झाल्याची गोष्ट सांगून विचारलं, तर त्यातले बरेच जण म्हणत, आता काही उरलं नाही. तशाच मृत्यूची गोष्ट थडग्याच्या विधीशी जोडून सांगितली, की त्यातले कितीतरी जण म्हणत, त्याला कळतं, तो आठवण ठेवतो. वेझो माणसाला दवाखानाही कळतो आणि थडगंही. दोन्ही एकाच डोक्यात नांदतात, आणि कोणतं पुढे येईल ते तो कुठे उभा आहे त्यावर ठरतं. मी वर्गात उभी असते तेव्हा वर्गातलं उत्तर देते. घाटावर मी तुझ्या आजीची सून होते.

आणि मनू, त्या दिवशी मी कावळ्याकडे पाहतच नव्हते. माणसं मागे सरली की कावळा उतरतो, हे मला माहीत आहे. मी पाहत होते तुझ्या काकांकडे. पिंड तसाच राहिला, ऊन चढलं, कुणीतरी म्हणालं, काही इच्छा मागे राहिली असेल. तेव्हा काका पुढे झाले आणि साऱ्या भावकीसमोर मोठ्याने म्हणाले, "आई, आक्काला अंतर देणार नाही, तिचा वाटा तिला मिळेल." आजीने हयातभर मागितलेला हा शब्द त्यांनी तिला कधी दिला नव्हता. वकिलासमोर दिलेला शब्द ते फिरवू शकतील. मेलेल्या आईला दिलेला फिरवायला त्यांना जड जाईल, कारण तिची समजूत घालायला आता जाता येत नाही. परलोकावरच्या विश्वासाने माणसांकडून अशी कितीतरी देणी वसूल करून घेतली असतील, असं मला वाटतं. पितृऋण म्हणतात ते हेच असावं.

शंकाही तितकीच जुनी आहे, हे मात्र विसरू नकोस. मेल्यावर माणूस असतो की नसतो, हे नचिकेताने थेट यमालाच विचारलं. चार्वाकांनी परलोक नाकारला, बुद्धाने कायम टिकणारा आत्मा नाकारला. तू शंका घेतेस म्हणजे आपल्या परंपरेबाहेर जातेस असं तुला कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नकोस.

माझी एकच सीमारेषा आहे, आणि तिथे मी तुझ्यापेक्षा कडक आहे. शोकात बुडालेल्या माणसाला "तुमच्या माणसाचा आत्मा भटकतोय, शांत करायला इतके द्या" म्हणणाऱ्याला मी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्याने फार मोठी किंमत मोजून मिळवला आहे.

आणखी एक सांगायचं आहे, ते बाबांबद्दल. १९७१ मध्ये वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरने जोडीदार गेलेल्या २९३ स्त्रीपुरुषांना भेटून एक पाहणी छापली. जवळजवळ निम्म्या जणांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. कुणाला दिसला, कुणाला आवाज आला. आणि बहुतेकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबा मला परवा म्हणाले की पहाटे देवघरातून आजीचा खोकला ऐकू येतो. तुला सांगू नको म्हणाले, पोर हसेल. मी तरी सांगते आहे, कारण तू हसणार नाहीस याची मला खात्री आहे. त्यांना वेड लागलेलं नाही. पन्नासहून जास्त वर्षं तो खोकला ऐकलेले कान आहेत ते.

वर्षश्राद्धाला येणार का, असं काका विचारत होते. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, मी त्यांना समजावेन. आलीस तर पानात वाढायचे पदार्थ तुलाच आठवून सांगावे लागतील. आजीला मेथीचे लाडू आवडायचे की डिंकाचे, यावर इथे आमचं एकमत होत नाहीये. वाद घालायचा असेल तर माझ्याशी घाल, सविस्तर पत्राने.

तुझी,
आई