मुलाच्या डीएनए चाचणीचे नियम कायद्यात लिहा

माननीय केंद्रीय विधी व न्याय मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

आम्ही कौटुंबिक न्यायालयांत काम करणारे वकील आहोत. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, पण 1872 च्या जुन्या पुरावा कायद्याचे कलम 112 त्यात कलम 116 म्हणून जवळपास जसेच्या तसे उतरले. विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यावर 280 दिवसांच्या आत आणि आईने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल औरस, म्हणजे त्या पतीचेच मानले जाते. त्या काळात पती-पत्नीला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे दाखवले तरच हे गृहीतक मोडते. मुलाचे हे संरक्षण राहायलाच हवे. मात्र डीएनए चाचणीचा आदेश कधी द्यावा, याबद्दल कलमात एक अक्षर नाही.

मग वाट निकालांतून काढावी लागते. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट चाचण्यांना मनाई केली. 2014 मध्ये नागपूरच्या पोटगी प्रकरणात, अहवाल हाती असल्याने, गृहीतकापेक्षा विज्ञान श्रेष्ठ ठरले. 2023 मध्ये पुण्याच्या प्रकरणात सांगितले, की आईवरचा व्यभिचाराचा आरोप सिद्ध करण्यासाठी मुलाला चाचणीला जुंपू नका. आम्हाला हा शेवटचा विचार सर्वांत योग्य वाटतो. तोच कलमात यावा. आरोप पत्नीवर असेल, तर पुरावाही तिच्या वागण्याचाच मागावा. मूल त्या दाव्यात पक्षकारही नसते. म्हणून आदेशाआधी त्याच्यासाठी आई-वडिलांपेक्षा वेगळा पालक नेमून त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक करा.

आदेश झालाच, तर नमुना घेण्याची एकच पद्धत देशभर हवी. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना (स्वॅब) ओलाच प्लास्टिकमध्ये बंद केला की बुरशी धरते, डीएनए खराब होतो. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटात घालावा. रक्त ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या नळीत, थंड डब्यातून जावे. नुकतेच रक्त चढवले असेल, तर स्वॅबच बरा. फॉर्मवर फोटो, अंगठा, साक्षीदारांच्या सह्या हव्यात. पाकिटावरचे सील, पडताळणीसाठी सोबत पाठवलेल्या नमुना-सीलशी जुळले नाही, की नमुना बाद होऊ शकतो आणि त्या लेकराला पुन्हा सुईसमोर बसावे लागते.

अहवाल वाचतानाही गफलत होते. एखाद-दुसऱ्या मार्करवरची (डीएनएतील तुलनेच्या ठरावीक जागेवरची) तफावत उत्परिवर्तनामुळे, म्हणजे डीएनएत आपोआप झालेल्या बदलामुळेही येते. तेवढ्यावर पितृत्व नाकारता येत नाही. आईचा नमुना नसेल, किंवा संशय सख्ख्या भावांपैकी एकावर असेल, तर जास्त मार्कर तपासावे लागतात. तपासलेले सर्व मार्कर आणि आकडेमोड अहवालात असावी. नुसते ‘जुळते’ वा ‘जुळत नाही’ चालू नये.

डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचे नियमन करणारे 2019 चे विधेयक 2023 मध्ये सरकारने मागे घेतले. त्यामुळे न्यायालयाला न विचारता, आईच्या नकळत मुलाचा नमुना खासगी प्रयोगशाळेत पाठवून आणलेला अहवाल अर्जाला जोडण्यावर कायद्यात स्पष्ट बंदी नाही. ती कलम 116 च्या दुरुस्तीतच घाला.

आपले,
कौटुंबिक न्यायालयांतील काही वकील