‘ना हरकत’ नेमकी कशाला?

संपादक महोदय,

आमच्या ठाण्यातील गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास सुरू आहे. गेल्या महिन्यात विकसकाचे पत्र आले, की उरलेले काम दुसऱ्या कंपनीकडे सोपवत आहोत, तरी सोबतच्या ना हरकत पत्रावर सह्या कराव्यात. इमारत उभी राहिल्याशी कारण, बांधणारा कोण याच्याशी आपल्याला काय करायचे आहे, असे सभेत अनेकांचे म्हणणे पडले. मला मात्र ‘सोपवणे’ या शब्दाचीच धास्ती वाटली, कारण त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात.

विकसकाने पाइलिंगचे, प्लंबिंगचे, अगदी सगळ्या बांधकामाचे पोटकंत्राट दिले, तरी आपला करार त्याच्याशीच राहतो. जे काम स्वतःच करायचे असे ठरलेले नाही, ते लायक माणसाकडून करून घेण्याची मुभा भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४० मध्ये आहे. पण पोटकंत्राटदाराने स्लॅब कच्चा टाकला, तर जाब विकसकालाच द्यावा लागतो.

करार हस्तांतरित करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिथेही हक्क व जबाबदारी यांत भेद करावा लागतो. तागाच्या व्यवहारावरून उद्भवलेल्या खर्दा कंपनीच्या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की करारातील हक्क, ते व्यक्तिगत स्वरूपाचे नसतील आणि करारात मनाई नसेल तर, दुसऱ्याला देता येतात. जबाबदारी मात्र समोरच्या पक्षाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात घालता येत नाही, आणि तशी संमती दिली तर तो वस्तुतः नवा करारच ठरतो. करार अधिनियमाच्याच कलम ६२ प्रमाणे नव्या कराराने जुन्याची जागा घेतली, की जुना पाळण्याचे बंधन उरत नाही. म्हणजे निष्काळजीपणे केलेल्या एका सहीने जुना विकसक मोकळा होऊ शकतो, आणि विकसकाकडे थकलेले आमच्या तात्पुरत्या घरांचे भाडे व कॉर्पस निधी (विकसकाने द्यायची ठोक रक्कम) कोणाकडे मागायचा, यावर वाद सुरू होतो.

प्रकल्पात नव्याने सदनिका घेणाऱ्यांना रेरा कायद्याच्या (बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या २०१६ च्या कायद्याच्या) कलम १५ चे संरक्षण आहे. बहुसंख्य हक्क व दायित्वे तिसऱ्याला द्यायची, तर प्रवर्तकाला, म्हणजे विकसकाला, दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि रेरा प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. नव्या प्रवर्तकाला सर्व प्रलंबित जबाबदाऱ्या पार पाडाव्या लागतात, आणि या बदलामुळे मुदत वाढत नाही. पाडण्यासाठी आपली घरे दिलेल्या मूळ सभासदांनी इतकी स्पष्ट हमी निदान कागदावर तरी मागून घेतलीच पाहिजे.

आम्ही अद्याप सह्या केलेल्या नाहीत. हे पोटकंत्राट आहे की हस्तांतरण, आणि हस्तांतरण असल्यास आजवरची देणी कोण फेडणार, याचे लेखी उत्तर मागितले आहे. सहकार खात्याने अशा ना हरकत पत्रांसाठी एक नमुना ठरवून द्यावा, आणि जुन्या विकसकाची जबाबदारी कायम राहते की संपते, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिणे सक्तीचे करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक सभासद, ठाणे