शिक्षणमंत्री साहेब, पीटीचा तास फक्त मुलांचाच असतो का?

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सा. न.

काल मुलीच्या शाळेतून हेल्थ कार्ड आलं. वजनाला लाल पेनने गोल आणि खाली 'पालकांनी आहाराकडे लक्ष द्यावे'. सातवीत आहे ती. कार्डं भर वर्गात वाटली, आता पोरं 'टेम्पो' म्हणतात आणि ही अर्धी पोळी खाऊन ताट सरकवते. आणि लक्ष मी द्यायचं. पीटीच्या तासाला मुलं ग्राउंडवर आणि मुली वर्गात गॅदरिंगचा डान्स नाहीतर वह्यांना कव्हर घालत बसलेल्या. मुलींना वेगळा खेळाचा तास देऊ असं पालकसभेत तुमच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलेलं, कुठे गेला तो? पाळी सुरू झाल्यावर तर विषयच संपला, बाथरूमला कडी नाही म्हणून पोरगी दिवसभर पाणी पीत नाही, ती धावणार काय.

धाकटा चौथीत, त्याचं उलटं. तो खेळतो भरपूर पण सुटल्यावर गेटवर चिप्स, कोल्ड्रिंक, घरी मोबाईल, आणि आजीचं 'मुलगा आहे, खाऊ दे गं'. शाळेपासून ५० मीटरमध्ये असलं काही विकायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे म्हणे. टपरी गेटला चिकटून आहे साहेब, टेप घेऊन या.

११ ते १७ वयाच्या ८५ टक्के मुली पुरेशी हालचाल करत नाहीत, मुलगे ७८ टक्के, हे जागतिक आरोग्य संघटनेचं, जगभरातलं. आणि लठ्ठ मुलं मोजली तर २०२२ साली भारतात ७३ लाख मुलगे, ५२ लाख मुली, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. म्हणजे मुली बसून बसून आणि मुलगे खाऊन खाऊन, एवढं मला डोंबिवली लोकलमध्ये लटकत वाचून कळतं, तुमच्या खात्याला दोघांना एकच छापील सूचना पुरते.

आणि ती सूचना नेहमी आईलाच. पहाटे उठून डबे करायचे, रात्री आठला घरात, गुडघे गेले, शुगर बॉर्डरवर, तरी डॉक्टरपासून बाईंपर्यंत सगळे मलाच विचारतात काय खायला घालता. बापाला विचारलंय कुणी आजवर?

ग्राउंडवर लग्नं लागतात, तुमच्या लोकांच्या सभा होतात, नवरात्रात मांडव, तेव्हा बरी जागा निघते. लाडक्या बहिणीला १५०० रुपये देता, तिच्या मुलीला आठवड्यातून दोन तास ग्राउंड द्या की, त्याला तर बजेटही लागत नाही. आणि ती कार्डं पाकिटात घालून पाठवा.

उत्तर पाठवणार असाल तर 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे' हे नको, ते आहे माझ्याकडे.

दोन मुलांची आई, डोंबिवली