शेवळं, फोडशी आणि बाबांचं पहाटेचं फिरणं

बोरिवलीच्या ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, शेवळाच्या, म्हणजे त्या पावसाळी रानभाजीच्या, भाजीने घसा खवखवला म्हणून ती सोडून देऊ नकोस. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, खाज त्यांचीच. आधी हातांना तेल लाव. वरची पानं सोलून काढ. आतला दांडा दिसेल, त्याच्या बुडाशी पिवळसर, दाणेदार कणसासारखा भाग असतो, तो पूर्ण काढून टाक. तिथेच चूक होते. उरलेलं बारीक चिरून तेलावर रंग बदलेपर्यंत परत. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं (काकड झाडाची आंबट फळं) ठेचून, पाण्यात उकळून, गाळून तो आंबट रस घाल आणि झाकण ठेवून नीट शिजव. काकडं नसली तर चिंचेचा कोळ चालेल, पण आंबट वगळू नकोस. बाबांना मूतखड्यामुळे पालक बंद आहे ना, मग त्याच ऑक्झलेटमुळे ही भाजीही नकोच.

त्यांच्यासाठी फोडशी ही पातीसारखी रानभाजी घे. मुळाकडचा पांढरा भाग आणि मधला कडक दांडा काढ. पातींच्या बेचक्यात माती अडकते, म्हणून एकेक पात सोडवून तीन पाण्यांतून धू. तिच्याच कुळातल्या सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपली बोरिवली आहे: क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम! मला त्याचा फार अभिमान वाटतो. मुसळीला औषधासाठी मुळासकट उपटतात, मग पुढच्या पावसात उगवायला काही उरत नाही.

टाकळा कोवळा असेल तरच घ्या, जून झाला की चोथा लागतो.

बाबा, फिरताना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काही खुडू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथलं पानही परवानगीशिवाय तोडता येत नाही. भाजी स्टेशनबाहेर बसणाऱ्या पाड्यावरच्या बायांकडूनच घ्या, त्यांना झाडं ओळखता येतात. अनोळखी कंद मात्र कोणीही दिला तरी नको. कळलावीचं फूल सुंदर, कंद जहरी.

उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर कारवी बघा, आठ वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप. २०१६ नंतर ती २०२४ ला फुलली. बी धरून झुडूप मरतं. त्याच काठ्या उभ्या लावून, वर शेणमातीचा गिलावा देऊन पाड्यांवर कुडाच्या भिंती करतात. वाळक्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडतडून फुटतात आणि बी लांब उडतं. रोपं आता गुडघ्याखालीच असतील, वाटेवरून पाय बाहेर टाकू नका.

काकडं मिळाली का ते कळवा.

तुमची,
लेक